सिग्नल २५ मिनिटांत दुरुस्त झाला, मग लोकल दुपारपर्यंत उशिरा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीहून सकाळी ७:५० च्या सुमाराची दादरला जाणारी जलद लोकल. आठच्या आसपास पुढे कुठेतरी सिग्नल बिघडला आणि गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उभी राहिली. ८:२५ ला बिघाड दुरुस्त झाल्याची घोषणा झाली, तरी तुम्ही दादरला पोचलात साडेनऊला. दुपारी दोन वाजता घरी निघालेल्या तुमच्या बहिणीलाही गाडी २० मिनिटं उशिरा मिळाली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: एका दिव्यामुळे अख्खी लाईन का अडते, मोटरमनला समोर रिकामा रूळ दिसत असताना तो हळूहळू पुढे का जात नाही, आणि दुरुस्तीची घोषणा खरी होती तर उशीर दुपारपर्यंत कसा टिकला.

मी ३१ वर्षं सिग्नल खात्यात काढली. मेंटेनर म्हणून लागलो, सीनियर सेक्शन इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, आणि यातली बरीच वर्षं मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गेली. माझ्या मते तुमची घोषणा खरी होती. तुमचा खरा प्रश्न सिग्नल का बिघडतो हा नाहीच. २५ मिनिटांचा बिघाड सहा तासांचा उशीर कसा होतो, हा आहे. पण तिथे पोचायला थोडं रुळाजवळ उतरावं लागेल.

‘सिग्नल बिघडला’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर गेलेला दिवा येतो. दिवा जाण्याचे प्रसंग आता कमी झाले आहेत. एलईडी सिग्नलमध्ये पुष्कळ बारीक दिवे असतात, दोनचार गेले तरी सिग्नल दिसतो. बिघडतं ते बहुतेक वेळा खाली, रुळावर किंवा केबलमध्ये.

रूळ तुकड्यांत विभागलेले असतात. दोन तुकड्यांच्या मध्ये वीज अडवणारा जोड असतो, त्याला आम्ही ग्लू जॉइंट म्हणतो. तुकड्याच्या एका टोकाकडून दोन्ही रुळांत अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते, दुसऱ्या टोकाला रिले असतो, म्हणजे विजेने उचलला जाणारा खटका. वीज पोचत असेल तोवर रिले उचललेला राहतो, म्हणजे तुकडा रिकामा. गाडी आली की तिची चाकं आणि धुरा (दोन चाकांमधला लोखंडी दांडा) दोन्ही रुळांना जोडून टाकतात, वीज मधूनच परत फिरते, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये ही युक्ती काढली. दीडशे वर्षांनंतरही मुंबईतल्या कितीतरी गाड्या तिच्याच भरवशावर धावतात.

आता उलट बाजूने पाहा. तार तुटली, पुरवठा गेला, पाणी साचून वीज खडीतून पाझरली, रूळच तडकला. या सगळ्यांत घडतं एकच: रिलेपर्यंत वीज पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. ‘इथे गाडी आहे’ आणि ‘इथे काहीतरी बिघडलं आहे’ यांत सिग्नल फरक करत नाही. ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे. शंका आली की लाल. डिसेंबर-जानेवारीत कसारा-कर्जतकडच्या थंडीत रूळ आकसतो आणि पहाटे कधीकधी तडकतो. अशा वेळी ‘सिग्नल बिघडला’ म्हणून आम्हाला फोन यायचा, आणि जाऊन पाहावं तर सिग्नल ठणठणीत, रुळाला मात्र बोट जाईल एवढी फट. त्या लाल दिव्याने किती माणसं वाचवली हे कुणी मोजत नाही.

बऱ्याच ठिकाणी आता रुळातल्या विजेऐवजी धुरा मोजणारी यंत्रणा आहे, अ‍ॅक्सल काउंटर. बारा डब्यांच्या लोकलला ४८ धुरा. ४८ आत गेल्या, ४८ बाहेर आल्या, तरच तुकडा रिकामा. मोजणीत एक जरी चुकली तरी सिग्नल लाल, आणि तुकडा खरोखर रिकामा असल्याची खात्री करून ठरलेल्या पद्धतीने शून्यावर आणल्याशिवाय तो सुटत नाही.

मोटरमन पुढे का जात नाही, हे लाल सिग्नल कुठल्या जातीचा आहे यावर ठरतं. दोन स्थानकांच्या मधले बहुतेक सिग्नल ऑटोमॅटिक असतात. खांबावर ‘ए’ अक्षराची गोल पाटी दिसेल. देशात ही पद्धत पहिल्यांदा आली ती आपल्याकडेच, १९२८ मध्ये, व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते भायखळा. असा सिग्नल लाल असेल तर मोटरमन थांबतो. दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट बघतो, ठरलेली शिट्टी देतो, गार्डशी खूण करतो आणि पुढे निघतो. म्हणजे तुम्ही म्हणता तसं तो जातोच. पण पुढे गाडी उभी आहे असं धरून जातो, ताशी १५ किलोमीटरच्या आत, आणि नीट दिसत नसेल तर त्याहूनही हळू. डब्यातून तुम्हाला रिकामा रूळ दिसतो तो बाजूचा. समोर वळण असतं, पूल असतो, पाऊस असतो, आणि गच्च भरलेली लोकल ब्रेक लावल्याबरोबर जागच्या जागी थांबत नाही.

स्थानकाच्या तोंडाशी असलेला सिग्नल वेगळा. त्याच्या पुढे सांधे असतात, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे पॉइंट. तिथे मोटरमनला स्वतःच्या निर्णयाने एक इंचही पुढे जाता येत नाही. सांध्याची जीभ, म्हणजे त्यातला सरकणारा निमुळता रूळ, मुख्य रुळाला घट्ट चिकटलेली असावी लागते. तपासणी करताना आम्ही मध्ये ५ मिलिमीटर जाडीची पट्टी धरून सांधा फिरवणारं पॉइंट मशीन चालवतो. एवढी फट असताना मशीनने ‘सांधा लागला’ असं सांगता कामा नये. म्हणून जिभेत अडकलेला खडीचा एक खडासुद्धा सिग्नल लाल ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी माणूस जाऊन सांधा पाहतो, लागला नसेल तर हँडलने फिरवतो, क्लॅम्प लावून कुलूप घालतो. मग स्टेशन मास्तर लेखी परवानगी देतो, तो कागद मोटरमनच्या हातात पडतो, सांध्यावर झेंडी दाखवतात, आणि तेव्हा गाडी हलते. माझ्या अनुभवात पहिल्या गाडीला यात १० ते १५ मिनिटं सहज जातात. त्यामुळे बिघाड मधल्या सिग्नलचा की सांध्याचा, यावर तुमची सकाळ कशी जाणार ते बरंचसं ठरतं.

दुरुस्ती म्हणजे काय ते एका प्रसंगातून सांगतो. जुलैचा पाऊस, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. एका स्थानकाबाहेरच्या दोन लगतच्या तुकड्यांचे रिले पडत होते, मध्येच उचलत होते, पुन्हा पडत होते. पूर्ण बंद पडलेलं सापडायला सोपं असतं. येत-जात असलेलं शोधायला सगळ्यात त्रासाचं. स्टेशन मास्तरला मेमो दिला आणि मी, एक मेंटेनर आणि एक खलाशी (आमचा मदतनीस) असे निघालो. शेजारच्या लाईनवर गाड्या चालू होत्या, म्हणून खलाशाचं काम एकच, गाडी दिसली की शिट्टी मारायची. लोकेशन बॉक्स, म्हणजे रुळाशेजारची सिग्नलच्या जोडण्यांची पेटी, उघडून मीटर लावला तर रिलेच्या टोकाला व्होल्टेज कमी येत होतं आणि डोलत होतं. दोन लगतचे तुकडे एकदम बिघडले म्हणजे संशय मधल्या जोडावर. शेजारी-शेजारी तुकड्यांत विजेची दिशा उलटसुलट ठेवतात, ती याचसाठी की जोड फुटला तर रिले पडावा, शेजारच्या विजेवर फसून उचललेला राहू नये.

जोडापाशी गुडघे टेकून टॉर्च मारला. वरून काही दिसेना. रोज शेकडो गाड्यांची चाकं रुळाच्या टोकावरून जातात, त्याने पोलाद चेपून थोडं पुढे सरकतं आणि त्याची पातळ ओठासारखी कड तयार होते. नखाएवढी ती कड मधल्या इन्सुलेशनवरून समोरच्या रुळाला टेकली होती, आणि भोवती चाकांच्या झिजेचा काळा ओला किस साचला होता. चाक वरून गेलं की रूळ दबायचा, कड टेकायची किंवा सुटायची. म्हणून रिलेचा तो खेळ. कानस मारून कड काढायला चार मिनिटं लागली. तिथवर पोचून ती सापडेपर्यंत ३५ मिनिटं गेली होती.

त्यानंतरही मी लगेच ‘झालं’ म्हटलं नाही. एक गाडी पूर्ण जाऊ दिली. ती आत आल्यावर रिले पडतो का, बाहेर गेल्यावर उचलतो का, हे समोर उभं राहून पाहिलं आणि मग स्टेशन मास्तरच्या वहीत सही केली. या सगळ्या वेळात कंट्रोलचा, म्हणजे गाड्यांच्या नियंत्रण कक्षाचा फोन दर दोन मिनिटांनी वाजत होता: किती वेळ, किती वेळ. त्या माणसाचंही बरोबर होतं, त्याच्या मागे गाड्यांची रांग वाढत होती. पण ती शेवटची गाडी बघायची पाच मिनिटं मी कधीही कुणाला दिली नाहीत, आणि हाताखालच्या पोरांनाही देऊ दिली नाहीत.

याचं कारण आमच्या धंद्यातले दोन वाईट दिवस. १२ डिसेंबर १९८८ ला लंडनच्या क्लॅपम जंक्शनजवळ ३५ माणसं गेली. वायरिंग बदलताना जुनी तार कापून बाजूला बांधायची राहिली होती. ती जुन्या जागी टेकली, पुढे गाडी उभी असतानाही रिलेला वीज मिळाली, आणि लाल व्हायचा सिग्नल लाल झाला नाही. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल मिळाला मुख्य लाईनचा आणि सांधा लागला होता बाजूच्या लूप लाईनकडे. ती उभ्या मालगाडीवर आदळली, २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत मूळ निघालं ते सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या कामातल्या चुकांमध्ये. सिग्नल विनाकारण लाल झाला तर तुमचा तास जातो. विनाकारण हिरवा झाला तर काय होतं ते हे. म्हणून तिथे काम करणाऱ्या माणसाला घाई करायला लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. आणि घाईत आमचीही माणसं जातात. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नलचा बिघाड काढायला गेलेले आमच्या खात्यातले तिघे लोकलखाली गेले.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सोपा हिशेब करू. धरा, सकाळच्या गर्दीत त्या लाईनवर दर ४ मिनिटांनी गाडी आहे, तासाला १५. लाईन २५ मिनिटं पूर्ण थांबली तर मागे सहा गाड्या साचल्या. ८:२५ ला सिग्नल सुटला. आता गाड्या अगदी ताणून दर ३ मिनिटांनी सोडल्या तर तासाला २० जातील. पण मागून १५ येतच आहेत. म्हणजे साचलेल्यातल्या तासाला फक्त पाच कमी होणार. सहा गाड्या निस्तरायला सव्वा तास, आणि तोही सगळं मनासारखं झालं तर.

ते होत नाही, कारण मधल्या २५ मिनिटांत फलाटावर दीडपट-दुपटीने माणसं जमलेली असतात. एरवी गाडी अर्धा मिनिट थांबते, आता दारातली चढउतार एक-सव्वा मिनिट चालते. प्रत्येक स्थानकात थोडं थोडं जातं आणि ३ मिनिटांचं अंतर पुन्हा ४ चं होतं. जी पाच गाड्यांची सवड होती ती फलाटांनी खाल्ली. त्यामुळे गर्दीची वेळ संपेपर्यंत, साधारण अकरापर्यंत, साचलेलं तसंच राहतं. हाच बिघाड दुपारी एकला झाला असता तर पाऊण तासात त्याचा मागमूस उरला नसता. सगळा फरक सवडीचा आहे, आणि मुंबईच्या सकाळी सवड उरलेलीच नाही. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर रोज १८०० च्या आसपास फेऱ्या आहेत. गर्दीच्या तासाला आणखी एक फेरी घालणं म्हणजे बिघाड पचवायची जागा आणखी थोडी कमी करणं. दर नव्या वेळापत्रकात आम्ही ते करत आलो.

तुमच्या बहिणीचा उशीर मात्र दुसऱ्या वाटेने आला. ती तर उलट दिशेने जात होती, जिथे काही बिघडलंच नव्हतं. पण सीएसएमटीला पोचणारी गाडी काही मिनिटांत दुसरी फेरी म्हणून परत निघते. एकच रेक, म्हणजे डब्यांची तीच गाडी, दिवसभरात कधी कसारा, कधी ठाणे, कधी कर्जत करत असतो. सकाळची तुमची गाडी ५० मिनिटं उशिरा पोचली तर तिची परतीची फेरीही तेवढीच मागे. मोटरमन आणि गार्डच्या ड्यूटीही याच साखळीत गुंफलेल्या असतात. गाडी फलाटावर उभी आहे आणि तिचा मोटरमन अजून मागच्या अडकलेल्या गाडीत आहे, असं कितीदा तरी होतं. प्रत्येक फेरीला शेवटच्या स्थानकातल्या उसंतीतून थोडा थोडा उशीर भरून निघतो, म्हणून ५० चे ३५, ३५ चे २० होत दुपार उजाडते.

ही साखळी तोडायचा उपाय एकच: काही फेऱ्या रद्द करायच्या, किंवा सीएसएमटीपर्यंत न नेता ठाण्याला, कुर्ल्याला संपवून उलट वळवायच्या. लोक यावर सगळ्यात जास्त चिडतात. ज्याची गाडी रद्द झाली त्याचं नुकसान खरंच आहे. पण माझं ठाम मत आहे की फेऱ्या लवकर रद्द कराव्यात आणि तसं स्पष्ट सांगावं. सगळ्या फेऱ्या चालवायच्या हट्टापायी अख्खा दिवस उशिरा चालवण्यापेक्षा आठ फेऱ्या सोडून अकराला वेळापत्रकावर येणं हजार पटीने बरं. आणि घोषणेत ‘तांत्रिक बिघाडामुळे गाड्या थोड्या उशिराने’ हे वाक्य मला नोकरीत असतानाही सहन होत नसे. सांधा बिघडला आहे, तासभर लागेल, जलद गाड्या धीम्या मार्गावरून नेत आहोत, एवढं सांगितलं तर माणूस आपला निर्णय घेऊ शकतो. तुम्हाला तक्रार करायचीच असेल तर या बाबतीत करा, आणि जरूर करा.

दुसरी गोष्ट रविवारच्या मेगाब्लॉकची. मी वर सांगितलेली ती नखाएवढी कड, ते सांधे, भिजलेल्या केबली, हे सगळं गाड्या थांबवूनच नीट तपासता येतं. रात्री शेवटची लोकल आणि पहाटेची पहिली यांच्यात जेमतेम अडीच-तीन तास मिळतात, त्यातला वेळ सामान नेण्या-आणण्यात जातो. ब्लॉक रद्द झाला की लोक खूश होतात. मी मात्र त्या आठवड्यात फोन उशाशी घेऊन झोपायचो.

आणि सगळेच बिघाड २५ मिनिटांचे नसतात. १७ जून २०१५ ला मध्य प्रदेशातल्या इटारसी जंक्शनच्या सिग्नल केबिनमधली रिलेची सगळी यंत्रणा आगीत जळाली. नवी यंत्रणा २२ जुलैला सुरू झाली. तोवर तिथले सांधे हातांनी लावून गाड्या सोडत होते, आणि मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांसकट शेकडो गाड्या रद्द झाल्या.

पुढच्या वेळी काय करायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. गाडी मध्ये थांबली तर खाली उतरू नका. एक माणूस उतरला की शंभर उतरतात, मग शेजारच्या चालू लाईनवरच्या गाड्याही हळू कराव्या किंवा थांबवाव्या लागतात, आणि जी लाईन धड होती तीही जाते. जीवाचा धोका आहेच. फलाटावर असाल तर जलद की धीमी याचा विचार न करता जी पहिली येईल ती घ्या, कारण अशा वेळी जलद गाडी बहुधा धीमीच्या मागेच रांगेत असते. घाटकोपरपर्यंत पोचलात आणि पुढचं काही हलत नसेल, तर मेट्रोने अंधेरी आणि तिथून पश्चिम रेल्वेने दादर, हा रस्ता लांबचा पण चालू असतो. गाडी मधल्या सिग्नलला थांबून मिनिटा-दोन मिनिटांनी रांगत पुढे जात असेल तर बसून राहा, ती पोचेल. मोठ्या स्थानकाबाहेर १५ मिनिटं जराही हलली नाही, तर ते काम सांध्याचं असण्याची शक्यता जास्त. ऑफिसात फोन करून तासाभराचा उशीर सांगून टाका.

संध्याकाळी तुमची परतीची गाडी कशी होती हे तुम्ही लिहिलेलं नाही. वेळेवर असावी असा माझा अंदाज आहे. दुपारी बारा ते चार फेऱ्या थोड्या विरळ असतात, त्या चार तासांत कंट्रोलमधला माणूस एकेक रेक आणि एकेक मोटरमन आपापल्या जागेवर आणून बसवतो. तुमच्या बहिणीची दोनची गाडी त्या आवराआवरीच्या मधोमध सापडली.